शिक्कामोर्तब आणि नकाराची परीक्षा

सदर : फळा आणि पडदा



दिवाळीच्या आसपास आपली इथली घरं आणि भारतातली घरं यांच्यात निरोपांची नुसती झुंबड असते. फराळाचा डबा निघाला का, भाऊबीजेचे पैसे पोचले का, तिकिटाच्या तारखा पाठव, खाते क्रमांक पुन्हा एकदा सांग. याच गर्दीत एखादा निरोप असाही येतो : "आई, माझा फोन बिघडलाय, हा तात्पुरता नंबर. आत्ता बोलता येणार नाही. या खात्यावर ४० हजार टाक, रात्री सांगते सगळं." असा निरोप लेकीचा नसून भामट्याचा निघाल्याची गोष्ट आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकली आहे. आता तर आवाजाचीही नक्कल करता येते. इथे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र असते तेव्हा पुण्यात सकाळचा चहा होऊन गेलेला असतो. खात्री करून घ्यायला आईने फोन करावा, तर लेक गाढ झोपलेली.

आईपुढे खरे प्रश्न दोनच आहेत. निरोप जिच्या नावाने आला, तिनेच पाठवला आहे का? आणि पाठवला तसाच पोचला, की वाटेत कोणी बदलला? संगणकशास्त्रात या दोन प्रश्नांच्या उत्तराला 'मेसेज ऑथेंटिकेशन' म्हणतात. मराठीत आपल्याकडे यासाठी पिढ्यान् पिढ्या एक खणखणीत शब्द आहे : शिक्कामोर्तब.

मी इतिहासाची एम.ए., त्यामुळे या शब्दापाशी थोडी थांबते. शिवकालीन पत्रांच्या माथ्यावर राजमुद्रा असते, ती पत्र कोणाचं ते सांगते. आणि मजकूर संपतो तिथे आणखी एक छोटी मुद्रा असते, 'मर्यादा इथे संपली' अशा अर्थाची. तेच मोर्तब. ते कशासाठी? तर खालच्या कोऱ्या जागेत कोणी मागाहून एखादी ओळ घुसडू नये म्हणून. शिक्का सांगतो 'कोणाचं', मोर्तब सांगतं 'इथवरच'. आईचे दोन्ही प्रश्न त्या दोन ठशांत आले की नाही?

मुलांचा शिक्का

आपल्या मंडळाच्या शनिवारच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांना मी तासभर पायथॉन शिकवते. या वर्षी त्यांना प्रकल्प दिला : आजी आणि नात यांच्यात एक पासवर्ड ठरलेला आहे. नातीने निरोप लिहिला, की प्रोग्रॅमने त्या पासवर्डाच्या जोरावर निरोपाला एक शिक्का जोडायचा. आजीकडच्या प्रोग्रॅमने तोच पासवर्ड वापरून शिक्का पुन्हा काढायचा, आणि दोन्ही जुळले तरच 'खरा' म्हणायचं. पासवर्ड स्वतः कधीच निरोपाबरोबर जात नाही.

यात दोन यंत्रं लागतात. पहिलं शिक्का मारणारं, एचमॅक. मिहिर बेल्लारे, रॅन कॅनेटी आणि ह्यूगो क्रॉचिक यांनी ते १९९६ मध्ये मांडलं आणि १९९७ मध्ये ते आरएफसी २१०४ या क्रमांकाच्या दस्तऐवजात आलं. कोणताही मजकूर घोटून त्याचा ठरावीक लांबीचा ठसा काढणाऱ्या रीतीला हॅश म्हणतात. मग गुप्त किल्ली आणि निरोप एकापुढे एक ठेवून सरळ हॅश का काढू नये? कारण एसएचए-२५६ सारख्या हॅशमध्ये एक फट आहे. असा ठसा हाती असला आणि किल्लीची लांबी ताडता आली, तर किल्ली माहीत नसतानाही मजकुराच्या शेवटी काही जोडून नवा, अगदी बरोबर ठसा काढता येतो. म्हणजे कोऱ्या जागेत ओळ घुसडण्याचीच युक्ती! एचमॅक किल्ली मिसळून एकदा हॅश काढतो, आणि त्या उत्तरात पुन्हा वेगळ्या तऱ्हेने किल्ली मिसळून दुसऱ्यांदा काढतो. हा दुसरा हॅश म्हणजे खालचं मोर्तब.

दुसरं यंत्र पासवर्डापासून किल्ली घडवणारं, पीबीकेडीएफ२. माणसाला लक्षात राहील असा पासवर्ड चोरालाही सुचू शकतो. म्हणून त्यात 'मीठ', म्हणजे दर वेळी नवे यदृच्छ आकडे, घालून तो पुन्हा पुन्हा घोटतात. सन २००० च्या आरएफसी २८९८ मध्ये किमान १ हजार वेळा घोटा असं सांगितलं होतं. आज एसएचए-२५६ बरोबर वापरताना ६ लाख वेळा, अशी ओवॅस्प या सुरक्षाविषयक संस्थेची शिफारस आहे. आजीच्या संगणकाला एका निरोपासाठी यात, समजा, पाव-अर्धा सेकंद लागेल. तिला ते कळणारही नाही. पण चोर शब्दांची यादी घेऊन एकेक शब्द लावून बघतो. दर प्रयत्नाला ०.३ सेकंद धरले, तर १० लाख शब्दांना ३ लाख सेकंद, म्हणजे एका संगणकाला सुमारे साडेतीन दिवस. चोराकडे ताकदवान यंत्रं असली की दिवस कमी होतात. म्हणून पासवर्ड 'गणपती१२३' असला, तर कितीही घोटून उपयोग नाही.

पहिली चाचणी आणि एक हुशार मुलगा

प्रोग्रॅम लिहून झाले. आता ते बरोबर चालतात हे कशावरून? सगळ्यांनी आधी तीच चाचणी लिहिली : पासवर्ड देऊन शिक्का मार, तोच पासवर्ड देऊन तपास, उत्तर 'खरा' आलं पाहिजे. सगळे प्रोग्रॅम पास.

तेवढ्यात नववीतल्या एका मुलाने मिस्कीलपणे आपला तपासणारा प्रोग्रॅम पडद्यावर दाखवला. तो एका ओळीचा होता. निरोप काहीही असो, पासवर्ड काहीही असो, तो 'खरा' एवढंच म्हणायचा. आणि आमच्या चाचणीत तोही पैकीच्या पैकी गुण मिळवून बसला होता!

वर्ग खूप हसला, पण त्या दिवशीचा खरा धडा त्या एका ओळीत होता. आपल्या किल्लीने कुलूप उघडतं हे बघून कुलपाची परीक्षा होत नाही. कडी नसलेलं दारही आपल्या किल्लीने 'उघडतं'. दुसऱ्या किल्लीने ते उघडत नाही, ही कुलपाची परीक्षा. शिक्का तपासणाऱ्याचं काम होकार देणं नाहीच, वेळेवर नकार देणं हे आहे.

मग फळ्यावर नकारांची यादी केली. पासवर्डातलं एक अक्षर बदला : नकार. निरोपातला ४ हजारचा आकडा ४० हजार करा : नकार. शेवटी एक पूर्णविराम वाढवा : नकार. शिक्क्यातला एकच बिट उलटा करा : नकार. मीठ बदला : नकार. शिक्का अर्धाच पाठवा, किंवा पाठवूच नका : नकार, आणि प्रोग्रॅम कोलमडता कामा नये. रिकामा पासवर्ड : शिक्का मारायलाच नकार. घोटण्याची संख्या निरोपाबरोबर जाते, तिथे कोणी १ लिहिलं तर नकार, आणि आजीचा संगणक बराच वेळ अडकून पडावा म्हणून कोणी १०० कोटी लिहिले तरीही नकार. पायथॉनबरोबर येणाऱ्या युनिटटेस्ट या साधनात 'हे खोटंच ठरलं पाहिजे' असं लिहायची सोय आहे. आमच्या शेवटच्या यादीत होकाराच्या चाचण्या तीन होत्या, नकाराच्या पंधरा.

आम्ही मुलांसाठी काढलेली ही काही नवी रीत नव्हे. पासवर्डावर आधारलेल्या शिक्क्याची पीबीमॅक१ ही प्रमाणित पद्धत २०२४ च्या आरएफसी ९५७९ मध्ये किल्ल्या व प्रमाणपत्रं साठवणाऱ्या फायलींसाठी नेमून दिली आहे. त्या दस्तऐवजाला नमुना फायली जोडल्या आहेत, आणि त्यातल्या तीन मुद्दाम बिघडवलेल्या आहेत. एकीत घोटण्याची संख्या चुकीची, दुसरीत मीठ चुकीचं, तिसरीत किल्लीची लांबीच लिहिलेली नाही. या तिन्हींना जो प्रोग्रॅम नाकारत नाही तो नापास.

एकमेकांची उत्तरं पाहून लिहिलेले पेपर

शाळेत पेपर तपासताना शेजारी बसलेल्या दोघांचं चुकीचं उत्तर तंतोतंत सारखं आलं, की शिक्षकाला काय ते कळतं. प्रोग्रॅमचंही तसंच आहे. शिक्का मारणारा आणि तपासणारा दोन्ही भाग एकाच मुलाने लिहिलेले. त्याने दोन्हीकडे मीठ घालायचंच सोडलं, तरी दोन्ही भागांचं एकमेकांशी छान जुळतं. म्हणून बाहेरची आदर्श उत्तरपत्रिका लागते.

ती प्रसिद्ध आहे. पीबीकेडीएफ२ साठी २०११ चा आरएफसी ६०७०. त्यात एसएचए-१ वापरून काढलेली उत्तरं आहेत. पासवर्डाच्या जागी इंग्रजी अक्षरांत 'पासवर्ड' हाच शब्द, मिठाच्या जागी 'सॉल्ट', घोटायचं एकदाच, लांबी २० बाइट. उत्तराची सुरुवात शून्य-सी, सहा-शून्य, सी-आठ अशी व्हायलाच हवी. पुढे २ वेळा, ४,०९६ वेळा, एवढंच काय, १,६७,७७,२१६ वेळा घोटल्यावरची उत्तरंही आहेत. एचमॅकसाठी आरएफसी ४२३१ आहे, २००५ चा. त्यातल्या एका नमुन्याची किल्ली 'जेफे', आणि निरोप म्हणजे 'फुकटात आणखी काय हवं' अशा अर्थाचा थट्टेचा प्रश्न. मुलांना तो फार आवडला. महिनाभर वर्गात कोणी खाऊ मागितला की बाकीचे तेच विचारत होते.

एक बारकावा मुलांना सुरुवातीला पटेना. दोन शिक्के जुळतात का हे बघायला नेहमीचं 'बरोबर' चिन्ह वापरायचं नाही, एचमॅक मॉड्यूलमधलं कम्पेअर डायजेस्ट वापरायचं. साधी तुलना पहिलं चुकीचं अक्षर दिसताच थांबू शकते. मग किती वेळात नकार आला यावरून चोराला अंदाज येतो की पहिली किती अक्षरं बरोबर होती. तोंडी परीक्षेत मुलाचं उत्तर चुकताक्षणी बाईंच्या भुवया वर गेल्या, तर मूल तिथेच उत्तर बदलतं ना, तसं! नकार द्यायचा तो शेवटपर्यंत ऐकून घेऊन, चेहरा न बदलता.

दऱ्यांतली फसवणूक

आता खास आपली, मराठी अडचण. हिच्यासाठी कोणत्याही इंग्रजी पुस्तकात चाचणी मिळाली नसती. सातवीतल्या एका मुलीने पासवर्ड ठेवला 'सह्याद्रीच्या दऱ्या'. शिक्का मारला लॅपटॉपवर, तपासला फोनवर. नकार! पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे.

संगणकाला अक्षर दिसत नाही, त्यामागचे आकडे दिसतात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट घेतं. 'आजी' म्हणजे आ, ज आणि दीर्घ वेलांटी, असे ९ बाइट. पण 'दऱ्या'मधला तो पापणीसारखा र तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, 'ऱ' हे एकच चिन्ह. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्ता. तीन, र, हलन्त आणि मग डोळ्यांना न दिसणारा एक जोडक, झिरो विड्थ जॉइनर. डोळ्यांना एकच शब्द, आकडे तीन प्रकारचे, म्हणून किल्ल्याही तीन.

पायथॉनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये नॉर्मलाइज नावाची सोय आहे. एनएफसी रूप मागितलं की पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. तिसरी मात्र तशीच वेगळी राहते. 'ॲ'चीही तीच गत. ॲ हे एक चिन्ह, आणि अ वर चंद्र देऊन केलेलं दुसरं रूप, दोन्ही दिसायला सारखी, पण एनएफसी त्यांना एक करत नाही. त्यातून फोन शब्दापुढे आपणहून मोकळी जागा सोडतो, ती वेगळीच. ही सगळी रूपं आम्ही चाचण्यांत घातली. वर्गाने ठरवलं की एनएफसी करायचं, दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढायच्या, आणि ऱ्य, ऱ्ह किंवा ॲ असलेला शब्द पासवर्डात घ्यायचाच नाही. त्या मुलीने सह्याद्री सोडली नाही, दऱ्यांच्या जागी कडे घेतले.

इथे नकाराची दुसरी बाजूही मुलांच्या लक्षात आली. खऱ्या नातीला सारखा नकार मिळाला, तर आजी कंटाळून तपासणंच बंद करेल. ज्या कुलपाने घरच्यांनाच छळलं, ते शेवटी उघडंच राहतं.

सगळ्या चाचण्या पास झाल्यावर फळ्यावर दोन गोष्टी लिहिल्या, हा शिक्का ज्या सांगू शकत नाही. एक, जुना निरोप. 'भाजीवाल्याला ५०० दे' हा खरा, शिक्क्यासह आलेला निरोप कोणी उचलून महिनाभराने पुन्हा पाठवला, तर शिक्का बरोबरच जुळेल. म्हणून निरोपाच्या आतच अनुक्रमांक घालायचा आणि वापरलेला क्रमांक दुसऱ्यांदा आला की नाकारायचा. दोन, पासवर्ड दोघींना माहीत असतो, म्हणून हा शिक्का तिऱ्हाइतापुढे पुरावा होत नाही. तो घरातल्या घरात चालतो. आणि अर्थात, हा सगळा खटाटोप शिकण्यासाठी. पैशांचे व्यवहार वर्गात लिहिलेल्या प्रोग्रॅमवर सोपवायचे नसतात.

आजीची परीक्षा

पालकांना प्रकल्प दाखवला तेव्हा एका बाबांनी रास्त प्रश्न विचारला : "माझी आई काही पायथॉन चालवणार नाही. तिचं काय?"

तिला पायथॉनची गरज नाही, पण या चाचण्यांची आहे. बऱ्याच घरांनी आता एक परवलीचा शब्द ठरवला आहे. कोणीही, कोणत्याही आवाजात, तातडीने पैसे मागितले, की आधी तो शब्द विचारायचा. चांगलं आहे. पण बहुतेक घरांत त्याची चाचणी फक्त त्या नववीतल्या मुलासारखी झालेली असते. "आई, शब्द काय ठरला आपला?" आई सांगते, पास! नकाराची चाचणी कोणी घेतलेली नसते.

ती अवघड का, हेही आपल्याला माहीत आहे. संगणकाला 'नाही' म्हणताना काही वाटत नाही. आईला वाटतं. सात समुद्रापलीकडून लेकाचा रडवेला आवाज येतोय, आणि आपण त्याला विचारायचं, "तू खरंच माझा मुलगा कशावरून?" आपल्या घरांत असं विचारणं म्हणजे परकेपणा, जवळजवळ अपमान. भामट्यांची सगळी भिस्त नेमकी याच संकोचावर असते. आणि 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली पोलीस किंवा अधिकारी बनून येणारे मोठ्या माणसांपुढे 'नाही' न म्हणण्याच्या आपल्या सवयीवर जगतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना 'मन की बात'मध्ये याविषयी सावध करावं लागलं, ते उगाच नाही.

म्हणून माझी सुचवणी अशी. या दिवाळीत किंवा पुढच्या भारतभेटीत, समोरासमोर बसून, शब्द ठरवा. व्हॉट्सॲपवर पाठवू नका. कुलदैवत, गाव, मुलांची नावं, जन्मतारखा नकोत, त्या फेसबुकवर असतात. एकमेकांशी संबंध नसलेले दोन-तीन साधे शब्द घ्या, आजीला आवडतील असे. एकदा कोणाला सांगावा लागला, की नवा ठरवा. मग आधी सांगून सवरून नकाराची परीक्षा घ्या. नातवंडांनाच हे काम द्या, त्यांना नाटक करायला आवडतं. वेगळ्या नंबरवरून फोन लावून म्हणू दे, "आजी, मी अडकलोय, आत्ताच्या आत्ता पैसे हवेत." शब्द न सांगता रडू दे, रागावू दे, "माझ्यावर विश्वास नाही का?" असं विचारू दे. आजी "शब्द सांग, नाहीतर फोन ठेवते," म्हणाली, की पास. अर्धा शब्द सांगून बघा. जुना शब्द सांगून बघा. आणि तिने फोन ठेवला की लगेच ओळखीच्या नंबरवरून फोन करून तिचं तोंडभर कौतुक करा.

हे कौतुक मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. उद्या खरोखरच घाईत असताना तुमचा शब्द चुकला आणि आईने पैसे पाठवले नाहीत, तर चिडू नका. "अगं, मीच होतो, एवढंही कळत नाही?" हे एक वाक्य तिच्या मनातली ती तपासणी कायमची बंद पाडेल. पुढच्या वेळी भामट्यालाही ती विचारणार नाही. त्याऐवजी म्हणा, "आई, बरोबर केलंस." आणि तरीही कुणाकडून फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता भारतातल्या १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवायला सांगा. तिथे वेळ फार मोलाचा असतो. तोही नंबर शब्दाबरोबरच पाठ करून घ्या.

आपल्या पिढीने आई-वडिलांना दुरून प्रेमाचे निरोप पाठवायला शिकवलं, व्हिडिओ कॉल लावायला शिकवला. आता त्यांना आपल्यालाच 'नाही' म्हणायला शिकवायचं आहे. त्यांनी ते न घाबरता म्हटलं, की समजा, तुमच्या निरोपावर खरं शिक्कामोर्तब झालं.

पुढच्या वर्षी याच पानावर भेटू. तोवर फराळ जपून आणि पासवर्ड त्याहून जपून!